अग्निबाणाचा पारदर्शक भारकक्ष

(फ्रीगंज, उज्जैन येथे मराठी भाषक शिक्षक व पालक यांच्यापुढे एका निवृत्त विज्ञानशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



अग्निबाणावर बोलावे असे आपण मला सांगितलेत, तेव्हा अवकाशयानांच्या भव्य गोष्टी ऐकावयास मिळतील अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु मी या टेबलावर जी वस्तू मांडून ठेवली आहे ती आपल्या घरच्या अडगळीतील आहे. शीतपेयाच्या प्लास्टिकच्या दोन रिकाम्या बाटल्या, पुठ्ठ्याचे चार पंख, चिकटपट्टी, दोरा आणि जुन्या पिशवीची हवाई छत्री, एवढेच हिचे साहित्य. खालच्या बाटलीत पाणी व दाबलेली हवा भरावयाची. वरच्या बाटलीच्या पारदर्शक नळकांड्यात भार ठेवावयाचा. हे नळकांडे अग्निबाणास का जोडावे, कसे जोडावे, आणि ते पारदर्शकच का असावे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय मी आजच का निवडला, हे प्रथम सांगितले पाहिजे. २०२५ सालच्या दिवाळीत आपल्या मध्य प्रदेशात काय घडले ते आपण विसरला नसाल. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून धडाका उडविणारी ‘कार्बाइड गन’ मुलांच्या हाती आली, आणि कित्येक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. काहींची दृष्टी गेली. ही मुले दुष्ट नव्हती. आवाज का होतो, ज्वाला कोठून येते, हे पाहण्यासाठी त्यांनी नळीत डोकावून पाहिले. ज्या जिज्ञासेची आपण वर्गात स्तुती करतो, तीच जिज्ञासा त्यांना भोवली. तेव्हा मुलांना केवळ ‘करू नका’ असे बजावून आपले कर्तव्य संपत नाही. डोकावून पाहिले तरी डोळा शाबूत राहील, अशी एखादी वस्तू त्यांच्या हाती देणे हेही आपले काम आहे.

भार म्हणजे काय?

अग्निबाण म्हटले की आपली दृष्टी त्याच्या शेपटाकडे, म्हणजे धूर व ज्वाला यांकडे जाते. वास्तविक अग्निबाण हे एक वाहन आहे. बैलगाडी जशी धान्यासाठी, तसा अग्निबाण त्याच्या टोकाशी ठेवलेल्या भारासाठी. इंग्रजीतून आलेला ‘पेलोड’ हा शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे. मी त्यास भार म्हणेन, आणि तो ठेवावयाच्या जागेस भारकक्ष.

भारताच्या भूमीवरून अवकाशसंशोधनासाठी पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून सुटला. ही जागा शोधण्याच्या कामात डॉ. विक्रम साराभाई यांच्यासमवेत आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. तो ‘नायके-अपाचे’ अग्निबाण अमेरिकेचा होता, आणि त्याने वाहून नेलेला भार होता सोडियमच्या वाफेचा. संध्याकाळच्या आकाशात ती वाफ सोडली गेली आणि नारिंगी रंगाचा एक ढग उजळून निघाला. तो ढग वाऱ्याबरोबर कसा सरकतो हे पाहून अत्युच्च वातावरणातील वाऱ्यांचे मोजमाप करावयाचे होते. म्हणजे पाहा, आपल्या देशाच्या पहिल्या अशा उड्डाणातील भार किनाऱ्यावरील सामान्य माणसांनाही नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्यांना अग्निबाणाचे यंत्र दिसले नसेल, परंतु त्याचे कार्य दिसले.

पुढे १८ जुलै १९८० रोजी आपल्या स्वतःच्या ‘एसएलव्ही-३’ या वाहनाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या वेळी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक डॉ. वसंत गोवारीकर होते. घन इंधनाच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य सर्वज्ञात आहे. वाहनाचे वजन सुमारे सतरा टन आणि उपग्रह अवघा पस्तीस किलोंचा. हिशेब केला तर एक किलो भारामागे वाहनाचे वजन जवळजवळ ४८५ किलो पडते. या एका आकड्यावरून भाराचे मोल कळावे. आदल्याच वर्षी, १० ऑगस्ट १९७९ रोजी, याच वाहनाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले होते. दोष शोधला गेला, तो दूर केला गेला, आणि अकरा महिन्यांनी यश आले. दोष कोठे आहे हे दिसल्यावाचून तो दूर होत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

छंदाचा इतिहास आणि आपली मर्यादा

लहान अग्निबाण उडविण्याचा छंद अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात सुरू झाला, आणि तोही अपघातांच्या भीतीपोटीच. तरुण मुले घरच्या घरी दारू कुटून नळ्या भरीत व जखमी होत. नेब्रास्का राज्यातील बुटांचे एक दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल आणि अग्निबाणतज्ज्ञ हॅरी स्टाइन यांनी १९५७ च्या सुमारास कागदी नळीचा हलका अग्निबाण आणि कारखान्यात तयार केलेले, एकदाच वापरावयाचे छोटे इंजिन हा मार्ग दाखविला. त्या इंजिनांची वर्गवारी अक्षरांनी होते. ‘ए’ वर्गापेक्षा ‘बी’ वर्गाची कमाल शक्ती दुप्पट, ‘सी’ वर्गाची त्याच्याही दुप्पट. अशा अग्निबाणांना पारदर्शक प्लास्टिकचा भारकक्ष जोडण्याची पद्धत तेथे फार जुनी आहे. कागदी नळीच्या तोंडाशी एक भरीव ठोकळा बसवितात, त्यावर पारदर्शक नळी, आणि नळीवर निमुळते टोक. इंजिनातून छत्री बाहेर ढकलणारा जो तप्त वायू निघतो, तो भारापर्यंत पोहोचू नये म्हणून तो ठोकळा. भार वाढला की अग्निबाण लवकर शिखर गाठतो, म्हणून छत्री लवकर उघडणारे इंजिन निवडावे लागते. केवढा बारीक विचार आहे पाहा.

ती इंजिने आपल्या गावोगावच्या शाळांना सहज मिळत नाहीत; आणि त्यांच्या जागी घरी दारू बनविणे हा उपाय नव्हे. स्फोटक द्रव्ये विनापरवाना तयार करणे १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखाली गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी दिवाळीतील बाणाची दारू काढून दुसऱ्या नळीत ठासणे म्हणजे बोटांशी व डोळ्यांशी जुगार खेळणे होय. म्हणून आपला अग्निबाण पाण्याचा. त्यात अग्नी नाही. नावापुरताच तो अग्निबाण. परंतु मागे फेकलेल्या द्रव्यामुळे पुढे जाणे हे न्यूटनचे तत्त्व त्यात तंतोतंत आहे, आणि भारकक्षाचे सारे प्रश्नही जसेच्या तसे आहेत.

एक चुकीची नोंद

आता स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रदर्शनात आम्ही असाच अग्निबाण उडविला. त्याचा भारकक्ष पुठ्ठ्याचा होता. त्यावर सोनेरी कागद लावून मुलांनी मोठ्या हौसेने शाळेचे नाव लिहिले होते. आत विजेरीचे दोन सेल व एक लहान दिवा रबराने बांधून ठेवला होता. अग्निबाण सरळ उडाला, परंतु तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर पोहोचताच एकदम आडवा वळला आणि पाचवीची मुले बसली होती तेथून दोन हातांवर येऊन आदळला. कोणास लागले नाही, ही केवळ दैवाची कृपा. जमलेल्या मंडळींना मी सांगितले की वाऱ्याचा झोत आला. नोंदवहीतही ‘वाऱ्यामुळे दिशा बदलली’ असे लिहिले.

मांडव उतरविताना एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, पताका हलत नव्हत्या.”

त्या रात्री मी सोनेरी कागद फाडून कक्ष उघडला. रबर तुटला होता आणि दोन्ही सेल एका बाजूस जाऊन पडले होते. पण रबर आधी तुटला व त्यामुळे अग्निबाण वळला, की तो जमिनीवर आपटल्यामुळे रबर तुटला? हे मला त्या रात्री सांगता येत नव्हते आणि आजही येत नाही. कक्ष बंद होता. मला दिसले नव्हते, आणि जे दिसले नव्हते त्याचे कारण मात्र मी सर्वांसमक्ष सांगून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी नोंदवहीतील ‘वाऱ्यामुळे’ हा शब्द मी मुलांसमोर खोडला आणि ‘कारण निश्चित नाही’ असे लिहिले.

पुढच्या वर्षी भारकक्ष पारदर्शक केला. उड्डाणापूर्वी अग्निबाण आडवा धरला, तेव्हा आतला सेल बोटभर सरकल्याचे त्याच मुलाने सर्वांत आधी पाहिले. उड्डाण थांबविले, सेलभोवती फोमचे तुकडे घट्ट बसविले आणि मगच अग्निबाण सोडला. जो दोष आदल्या वर्षी मुलांच्या डोक्यावर येऊन पडला असता, तो या वर्षी जमिनीवरच सापडला. पारदर्शक कक्षाचे माझ्या दृष्टीने खरे महत्त्व हेच. तो शोभेसाठी नाही.

रचना

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दाबाची बाटली सोडायुक्त पेयाची, दोन लिटरची घ्यावी. साध्या पाण्याची पातळ बाटली कदापि घेऊ नये. ती हा दाब सहन करीत नाही. या बाटलीस भोक पाडावयाचे नाही, खिळा लावावयाचा नाही, गरम गोंद लावावयाचा नाही. उष्णतेने प्लास्टिक दुबळे होते. पंख व अन्य भाग चिकटपट्टीनेच बांधावेत. ओरखडा पडलेली वा चेपलेली बाटली बाद करावी.

भारकक्षासाठी त्याच मापाची दुसरी बाटली घ्यावी. तिच्यावरील कागद काढून, कोमट पाण्याने गोंद धुऊन, मधला सरळ भाग सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचा कापून घ्यावा. कापण्याचे काम शिक्षकांनी करावे व कडांवर पट्टी लावावी. हे नळकांडे दाबाच्या बाटलीच्या तळाच्या गोलाईवर तीन सेंटिमीटर सरकविले की घट्ट बसते. बाटलीचा तळ पाकळ्यांचा व खडबडीत असतो, म्हणून त्यावर फोमची जाड चकती बसवून सपाट जमीन तयार करावी. भार या जमिनीवर, बरोबर मध्यभागी, चारी बाजूंनी फोमने आवळलेला असावा. पण एका बाजूस दोन बोटे रुंदीची खिडकी मोकळी ठेवावी, नाहीतर पारदर्शक भिंतीचा उपयोग काय? वर पुठ्ठ्याचे झाकण. झाकणावर घडी घातलेली छत्री, आणि तिच्यावर सैल बसणारे निमुळते टोक. टोक, छत्री व कक्ष एकाच मजबूत दोऱ्याने बांधलेले असावेत, म्हणजे काही हरवत नाही.

अग्निबाण शिखरावर मंदावून कलंडला की टोक गळते व छत्री बाहेर येते. ही रचना साधी आहे, परंतु प्रत्येक वेळी हमखास काम करतेच असे नाही. म्हणून छत्री उघडणार नाही असे गृहीत धरूनच प्रेक्षकांची जागा ठरवावी.

समतोल

भारकक्ष जोडला की अग्निबाण लांब होतो आणि त्याचा समतोल बदलतो. येथे दोन बिंदू समजून घ्यावे लागतात. एक गुरुत्वमध्य: दोरीवर आडवा टांगला असता जेथे तो तोलून राहतो तो बिंदू. दुसरा वायुदाबमध्य: वाहत्या हवेचा बाजूने येणारा रेटा जेथे एकवटला आहे असे मानता येते तो बिंदू. अग्निबाण सरळ जावयाचा तर गुरुत्वमध्य टोकाच्या बाजूस व वायुदाबमध्य शेपटाच्या बाजूस हवा, आणि दोहोंत निदान बाटलीच्या जाडीएवढे, म्हणजे अकरा सेंटिमीटरच्या आसपास, अंतर हवे. वायुदाबमध्य काढण्याची सोपी युक्ती अशी, की अग्निबाणाची बाह्याकृती पुठ्ठ्यावर काढून कापावी व ती बोटावर तोलावी. हे माप ढोबळ असले तरी सावधगिरीच्या बाजूस झुकणारे आहे.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पहिले उड्डाण ‘नुसते पाहण्यासाठी’ म्हणून रिकाम्या कक्षाने करतात. पुढे वजन असले की गुरुत्वमध्य टोकाकडे सरकतो व स्थैर्य वाढते. रिकामा लांब कक्ष मात्र केवळ लांबी वाढवितो, वजन देत नाही. म्हणजे भरलेला अग्निबाण स्थिर असूनही रिकामा अस्थिर असू शकतो. म्हणून चाचणीच्या वेळी भाराइतक्याच वजनाची वाळू पुडीत बांधून मध्यभागी घट्ट बसवावी.

शेवटची परीक्षा दोरीची. पाणी न भरता, पूर्ण सज्ज अग्निबाणाच्या गुरुत्वमध्याशी आठ-दहा फूट दोरी बांधून तो मोकळ्या जागी डोक्याभोवती फिरवावा. टोक पुढे ठेवून तो फिरला तर योग्य. गिरक्या खाऊ लागला तर पंख मोठे करावेत वा पुढे थोडे वजन वाढवावे. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून अग्निबाण मैदानात नेऊ नये.

भारावर काय गुदरते?

हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला चार किलोंवर, म्हणजे सायकलच्या पंपावरील साठ पौंडांच्या खुणेवर, जाऊ देऊ नये. बाटलीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३.७ चौरस सेंटिमीटर असते. पाण्याच्या झोतामुळे मिळणारा रेटा दाब व क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे तीस किलो येतो. अग्निबाणाचे कोरडे वजन अडीचशे ग्रॅम आणि बाटलीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे कमी पाणी, म्हणजे सहाशे ग्रॅम धरले, तर साडेआठशे ग्रॅमच्या वस्तूस तीस किलोंचा रेटा! सुटताक्षणीच भारास आपले वजन पस्तीस पट झाल्यासारखे होते. पन्नास ग्रॅमचे लिंबू कक्षाच्या जमिनीवर पावणेदोन किलोंसारखे दाबले जाते. पाणी संपत येते तसा दाब उतरतो, पण वजन त्याहूनही वेगाने घटते. म्हणून अखेरच्या क्षणी ही पट आणखी वाढते. हे सारे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आटोपते.

आकडे फळ्यावर लिहिले तर मुले विसरतात. परंतु कक्षात उडदाचा पापड उभा ठेवा, एखादे पिकलेले टोमॅटो ठेवा आणि ते अखंड परत आणण्याची पैज लावा. मग कोणता फोम, किती जाड, भार उभा की आडवा, हे प्रश्न मुलेच तुम्हांस विचारतील.

मोठ्या वर्गांसाठी एक मापक सुचवितो. पारदर्शक पेनच्या नळीत रिफिलची स्प्रिंग उभी करून तिच्यावर पाच ग्रॅमचा नट ठेवावा, आणि नटाखाली स्प्रिंगभोवती कागदाचे असे कडे बसवावे की ते नटाबरोबर खाली ढकलले जाईल पण आपणहून वर येणार नाही. उड्डाणात नट जेथवर दाबला गेला तेथे कडे थांबते. पुढे टेबलावर त्याच खुणेपर्यंत स्प्रिंग दाबण्यास किती वजन लागते ते पाहावे. अडीचशे ग्रॅम लागले, तर पाचाने भागून पन्नास पट. जमिनीवर उतरतानाचा धक्काही हे कडे खाली सरकवू शकतो. त्यासाठी अग्निबाण छत्रीविना दोन फुटांवरून गवतावर सोडून पाहावा. पाऊण मीटर व्यासाच्या छत्रीने उतरणारा अडीचशे ग्रॅमचा अग्निबाण सेकंदास साडेतीन मीटरच्या आसपास वेगाने येतो, आणि दोन फुटांवरून पडणाऱ्या वस्तूचाही वेग तेवढाच असतो. दोन फुटांच्या धक्क्याची खूण वेगळी केली म्हणजे उरलेली गोष्ट उड्डाणाची.

मोबाइल फोन कक्षात ठेवू नये. तो एकटाच अग्निबाणाइतका जड असतो. आणि कोणताही जिवंत प्राणी, मग तो नाकतोडा का असेना, ठेवू नये. मुले हा प्रश्न नक्की विचारतात. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने लायका नावाची कुत्री अवकाशात पाठविली. तिला परत आणण्याची योजनाच नव्हती. ती हकीकत मुलांना अवश्य सांगावी. पारदर्शक भिंतीआड एखादा जीव पस्तीस पट वजनाखाली चिरडताना पाहणे हे विज्ञान नव्हे.

उंची मोजणे

उंची मोजण्याच्या बाबतीत आपण उज्जैनकर भाग्यवान आहोत. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आपल्या गावात आहे. १९२३ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. तेथील दिगंश यंत्राजवळ मुलांना उभे करा. आकाशातील वस्तूपर्यंत हात पोहोचत नसता नुसत्या कोनावरून तिचे स्थान सांगता येते, हे त्यांना तेथे पटेल.

मग कंपासपेटीतील कोनमापकास ओळंबा बांधून स्वतःचे यंत्र करावे. उड्डाणस्थानापासून चाळीस मीटरवर उभे राहून अग्निबाणाच्या शिखराचा कोन घ्यावा. कोन तीस अंश असेल तर चाळीसला ०.५८ ने गुणावे, पंचेचाळीस असेल तर १ ने, साठ असेल तर १.७३ ने, त्यात निरीक्षकाच्या डोळ्याची उंची मिळवावी. पंचेचाळीस अंशांचा कोन आला तर उंची साडेएक्केचाळीस मीटर. दोन बाजूंना दोन निरीक्षक उभे करून सरासरी घ्यावी आणि दोघांच्या उत्तरांत फार फरक असेल तर तोही लिहावा, लपवू नये.

हा प्रयोग टॉवर चौकात वा घराच्या गच्चीवर करावयाचा नाही. दसरा मैदानासारखी विस्तीर्ण मोकळी जागा हवी. विजेच्या तारा, रस्ता व धावपट्टी दूर हवी. संबंधितांची परवानगी आधी घ्यावी. पंपाची नळी निदान पाच मीटर लांब असावी, सोडण्याची कळ लांब दोरीने ओढता यावी, पंप मारणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा. प्रेक्षक तीस मीटर दूर आणि वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूस उभे राहावेत. दाब भरलेल्या अग्निबाणाजवळ कोणीही, शिक्षकांनीसुद्धा, जाऊ नये. कळ अडकली तर दुरूनच हवा सोडता येईल अशी सोय पंपाजवळ असावी.

नोंदवही

शेवटी एक विनंती. प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवा. तारीख, वारा, कोरडे वजन, भाराचे वजन, पाणी, दाब, कोन, आणि शेवटी दोन रकाने: ‘वर जाताना आत काय दिसले’ आणि ‘खाली आल्यावर आत काय दिसले’. या दोन रकान्यांत केवळ दिसलेले लिहावयाचे. ‘पापड फुटला’ हे लिहावे. ‘पापड कच्चा होता म्हणून फुटला’ हे लिहू नये. कारणांचा रकाना निराळा ठेवा, आणि त्यात ‘निश्चित नाही’ हे शब्द लिहिण्याची मुलांना लाज वाटू देऊ नका. आपण शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनीही ती बाळगू नये. माझ्या खोडलेल्या ओळीने मला एवढे शिकविले आहे.

कोणी म्हणेल, बाटली चाळीस मीटर वर गेली आणि खाली आली, यात एवढे काय? थुंब्याच्या किनाऱ्यावरील तो पहिला अग्निबाणही वर गेला आणि खाली आला. मागे उरले ते वाऱ्याचे मोजमाप. आपल्या मुलांनी वर काय पाठविले हे सर्वांना दिसावे, खाली काय आले हेही सर्वांना दिसावे, आणि दोहोंत फरक पडला असेल तर तो का पडला हे शोधण्याची त्यांना चटक लागावी. ज्या मुलास ही चटक लागली, तो दिवाळीत नळीला डोळा लावण्यापूर्वी विचारील, ‘आत काय आहे?’ आणि आतले दिसत नसेल तर ती नळी तो खाली ठेवील.

 टेबलावरील अग्निबाण मी येथेच ठेवून जात आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी तो हातात घ्यावा, उलटासुलटा करावा. आतले लिंबू मी मुद्दामच सैल ठेवले आहे. ते प्रथम कोणाच्या लक्षात येते, ते पाहू या.